सही एकाची, उठबस दुसऱ्याची

रुग्णालयाच्या केस पेपरवर ‘नातेवाइकाचे नाव’ अशी एक ओळ असते. एकच. तिच्यापुढे नातं आणि मोबाइल नंबर. दाखल करताना काउंटरवर जो उभा असेल त्याचं नाव तिथे पडतं, आणि मग रुग्णालयाच्या लेखी तोच माणूस पुढे महिनोन्‌महिने ‘कुटुंब’ होऊन बसतो. डॉक्टर त्याला बोलावतात, बिलाची चौकशी त्याच्याकडे होते, डिस्चार्जच्या दिवशी गोळ्यांची यादी त्याच्याच हातात पडते. घरी गेल्यावर नाकातल्या नळीतून पेज कोण भरणार, रात्री दर दोन तासांनी कूस कोण बदलणार, डायपर कोण बदलणार, हे त्या ओळीत मावत नाही. बहुतेक वेळा ही कामं करणारी बाई त्या वेळी खाली रिक्षा थांबवून उभी असते, नाहीतर घरी पलंग खिडकीपाशी सरकवत असते.

दीर्घकाळ आजारी असलेल्या वृद्धांच्या घरांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, अशा कार्यकर्त्यांसाठी हे पुस्तक लिहिलेलं आहे. त्यांना कुठे केस मॅनेजर म्हणतात, कुठे केअर मॅनेजर, सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक, आणि वॉर्डात नुसतं ‘सोशल वर्कर मॅडम’. माझी सगळी नोकरी या शेवटच्या नावाने झाली. प्रस्तावनेचं काम म्हणूनच माझ्याकडे आलं असावं. एरवी प्रस्तावनेला मोठ्या डॉक्टरांना बोलावण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

आधी आजाराबद्दल. ताप, मोडलेलं हाड, अपेंडिक्स, बाळंतपण अशा कारणांसाठी माणूस रुग्णालयात यावा, सुटावा आणि घरी जावा, या हिशेबाने आपली रुग्णालयं उभी राहिली. अर्धांगवायू, पार्किन्सन, डिमेन्शिया, मधुमेहाने चिघळलेला पाय, आठवड्यातून दोन-तीनदा करावं लागणारं डायलिसिस ही दुखणी या हिशेबात बसत नाहीत. ती घरी राहायला येतात. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ साली झाली. तिच्यात साठीपुढच्या दर चार माणसांतल्या तिघांना एक तरी जुनाट आजार आढळला. याच पाहणीला जोडून केलेल्या अभ्यासातून २०२३ साली अंदाज निघाला, की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. एवढ्यांसाठी खाटा कुठेच नाहीत, आणि असायलाही नकोत. ते घरीच आहेत. म्हणजेच ते कुणाच्या तरी हाती आहेत, आणि तो ‘कुणीतरी’ कोण हे शोधणं हेच केस मॅनेजरचं पहिलं काम, असं मी मानते.

या पेशाचा इतिहास शंभर वर्षांहून थोडा जुना. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने १८९५ साली मेरी स्ट्यूअर्ट यांना ‘आल्मनर’ म्हणून नेमलं, ते मुख्यतः फुकट उपचार घेणाऱ्यांत खरे गरजू किती आणि ऐपत असून आलेले किती हे ताडायला. दहा वर्षांनी, १९०५ साली, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी वेगळ्या कारणासाठी असंच पद निर्माण केलं. रोगी कुठे राहतो, काय खातो, काय काम करतो हे कळल्याशिवाय आपलं निदान अर्धवट राहतं आणि औषध वाया जातं, हे त्यांना दिसलं होतं. पुढे इडा कॅनन यांनी तिथला विभाग बांधला. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचं विद्यालय सुरू झालं, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था; आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. म्हणजे आपल्याकडे हे पद स्वातंत्र्याच्याही आधीचं. पण खरं सांगायचं तर बोस्टनपेक्षा लंडनच आमच्या टेबलावर जास्त काळ बसलं. रेशनकार्ड पिवळं की केशरी, उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळतं का, यातच दुपार सरते.

ते कामही क्षुल्लक नाही, हे नव्या मुलामुलींना सांगायला हवं. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे, आणि त्यासाठी रुग्णालयाने बिलाच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र काउंटरवर असतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतचं संरक्षण मिळालं. एवढ्या जाळ्यातून नेमका आपल्या रोग्याला लागू पडणारा धागा ओढून काढणं याला कसब लागतं. फक्त या सगळ्या योजना रुग्णालयाच्या खाटेला बांधलेल्या आहेत. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस धरले जातात. अर्धांगवायूचा माणूस सोळाव्या दिवशीही तसाच अंथरुणावर असतो. त्याची एअर मॅट्रेस, महिन्याचे डायपर, नळी बदलायला येणारी सिस्टर, फिजिओथेरपिस्ट, हा खर्च कुठल्याच कार्डावर चढत नाही.

मग या आजारांचा कारभार बघतं कोण? आपल्याकडे तो तुकड्यातुकड्यांनी वाटलेला आहे. सोशल वर्कर कागद बघते, आरोग्यमित्र योजना बघतो, खासगी रुग्णालयात ‘केस मॅनेजर’ अशी पाटी लावून बसलेली व्यक्ती बहुधा मेडिक्लेम आणि टीपीए बघते, आशाताई वस्तीत येऊन बीपीच्या गोळ्या चालू आहेत का विचारते, नर्सिंग ब्युरो घरी करायला माणूस पाठवतो. मुलं परदेशी असलेल्या आईवडिलांसाठी पुण्या-मुंबईत केअर मॅनेजर पुरवणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत, दर आठवड्याला फोटोसकट अहवाल पाठवतात. हे सगळे तुकडे जोडणारं माणूस घरातलंच असतं. तिच्याकडे एक प्लास्टिकची फाइल असते, चेन लावायची. तिच्यात चार डॉक्टरांची चार प्रिस्क्रिप्शनं, सीटी स्कॅनची प्लेट, युरिन कल्चरचे रिपोर्ट तारखेवार लावलेले, आणि मागच्या खिशात मेडिकलवाल्याची उधारी. हिलाच खरी केस मॅनेजर म्हणायचं. पगारी माणसाने तिच्या मदतीला जायचं आहे. या पुस्तकाची मांडणी या समजुतीवर उभी आहे, आणि एवढ्याचसाठी ते मला मोलाचं वाटलं.

आता माझं स्वतःचं म्हणणं मांडते. कुटुंब, कुटुंब असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एक गठ्ठा येतो. पण आजारपणात घरात तीन वेगवेगळ्या भूमिका असतात: ठरवणारा, पैसे देणारा आणि करणारा. क्वचित एकाच माणसात तिन्ही असतात, म्हातारा नवरा म्हाताऱ्या बायकोचं करत असेल तेव्हा. एरवी ठरवतो थोरला, किंवा आत्या, किंवा ‘आमच्या ओळखीचे एक डॉक्टर’. पैसे येतात धाकट्याकडून, न्यू जर्सीहून नाहीतर दुबईहून. आणि करते सून. नाहीतर न लग्न झालेली मुलगी, नाहीतर नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. केस मॅनेजरशी बोलायला येतात पहिले दोघे. ते छान बोलतात. ‘मॅडम, वडिलांसाठी काहीही करायची आमची तयारी आहे.’ यातल्या ‘करायची’चा कर्ता कोण, हे मला नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत विचारायला सुचत नसे, माझ्या सिनिअर बाई मात्र हटकून विचारायच्या, तेही अगदी साध्या आवाजात: ‘रात्री कोण उठणार?’ खोलीत लगेच एक विशिष्ट शांतता पसरायची आणि सगळे एकाच व्यक्तीकडे बघायचे.

एक घर सांगते. खुणा बदलल्या आहेत. मध्य मुंबईतली जुनी चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. सासरे अठ्ठ्याहत्तरचे, उजवी बाजू गेलेली, गिळता येत नाही म्हणून नळी. डिस्चार्जच्या आधी थोरल्या मुलाला सगळं समजावलं होतं: डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, एका वेळी दोनशे मिली, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, नळीची जागा तपासल्याशिवाय काहीही सोडायचं नाही. त्याने वहीत लिहून घेतलं, सही केली. तिसऱ्या आठवड्यात सासरे छातीत कफ भरून परत आले. फीड कोण देतं म्हणून विचारलं तर सून. तिला कुणी काय सांगितलं होतं? ‘हे म्हणाले, नळीतून दूध घालायचं.’ वही मुलाच्या ऑफिसच्या बॅगेत होती. मी घरी गेले तेव्हा पाहिलं, डोक्याकडची बाजू उंच करायला पलंगाखाली विटा लावायच्या तर पलंग भिंतीतल्या कपाटाला अडत होता. ती दोन उशांवर भागवत होती आणि सासरे घसरून पुन्हा आडवे होत होते. पलंग फिरवून डोकं दाराकडे घेतलं. एवढंच. त्यासाठी एमएसडब्ल्यूची पदवी लागत नाही, घरी जावं लागतं, आणि ज्या हातांनी नळी धरली जाते त्या हातांशी बोलावं लागतं.

त्याच भेटीत तिने मला चहा दिला आणि सांगितलं की तिची बोरिवलीची नोकरी गेल्या महिन्यात सुटली. सुटली म्हणजे तिने सोडली. घरात त्याबद्दल चर्चा झालीच नव्हती. सगळ्यांच्या बोलण्यात ‘ती घरीच असते’ असं आधीच रुळलं होतं. केस रेकॉर्डमध्ये मात्र ‘कुटुंबाचा आधार: चांगला’ असं मीच लिहिलेलं होतं. फॉर्ममध्ये तशी चौकटच होती, चांगला, मध्यम, नाही. कुणाचा आधार कुणाच्या पगारावर उभा आहे, हे त्या चौकटीला कळत नाही.

हा प्रश्न कायद्याच्या पातळीवर नेऊन सोडवायचा मोठा प्रयत्न जपानने केला. तिथे १९७२ साली आरियोशी सावाको यांची एक कादंबरी आली, ‘कोकोत्सु नो हितो’. भ्रम झालेल्या सासऱ्याचं करणाऱ्या, नोकरी असलेल्या सुनेची ती गोष्ट, तुफान खपली. घराच्या आतला विषय तिने चव्हाट्यावर आणला. पुढे हिगुची केइको यांच्यासारख्या स्त्रियांनी वृद्धांच्या काळजीचा प्रश्न हा स्त्रियांचा प्रश्न म्हणून लावून धरला. १९९७ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून दीर्घकालीन देखभालीचा विमा सुरू झाला. चाळिशीपुढचा प्रत्येक जण हप्ता भरतो. वृद्धाला किती मदतीची गरज आहे हे सात पायऱ्यांवर ठरवतात, आणि ते ठरवताना घरात करणारं कुणी आहे की नाही हे मोजत नाहीत. घरात सून आहे म्हणून सेवा कमी, असं होत नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी जाणून केली: घरी करणाऱ्या नातेवाइकाला रोख पैसे द्यायचे नाहीत, सेवाच द्यायच्या. रोख दिले तर सुनेला कायमचं बांधून ठेवायला ते निमित्त होईल, असं तिथल्या स्त्री-संघटनांचं म्हणणं होतं. आपल्याकडे केअरगिव्हर भत्त्याची मागणी आता होऊ लागली आहे. ती करणाऱ्यांनी हा वाद एकदा नीट वाचावा असं मला वाटतं. मी स्वतः भत्त्याच्या बाजूने आहे. आपल्याकडे सेवा द्यायला माणसंच नाहीत तोवर निदान पैसे तरी तिच्या खात्यात जावेत. पण जपानी बायकांची भीती खोटी नव्हती.

या विम्याचा कणा म्हणजे केअर मॅनेजर. आरोग्य किंवा समाजसेवेच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव घेऊन मग परीक्षा देणारा माणूस. तो घरी येतो, आराखडा करतो, नर्स, डे केअर, आंघोळीची मदत, भाड्याचा पलंग या सगळ्यांची सांगड घालतो, दर महिन्याला परत येऊन बघतो. आराखड्यासाठी घरच्यांना काही द्यावं लागत नाही. एका केअर मॅनेजरकडे किती घरं असावीत याचा हिशेब मोबदल्याच्या दराशी जोडलेला आहे, आणि २०२४ साली ती मर्यादा चाळीसच्या आतून पंचेचाळीसच्या आत अशी सैल केली, कारण माणसं मिळेनात. इतकं सगळं असूनही वर्षाला सुमारे एक लाख लोक घरच्यांचं करण्यासाठी नोकरी सोडतात. विमा आला म्हणजे सून सुटली, असं झालेलं नाही. तिला विचारायला येणारं एक माणूस मात्र महिन्यातून एकदा दारात उभं राहतं.

जपान लांबचं, श्रीमंत, असं म्हणून पुस्तक मिटू नका, कारण आपल्या शेजारी गोव्यात जे झालं ते मला याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. विसाव्या शतकाच्या शेवटी ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यासगट तयार झाला. जगातले सुमारे ६६ टक्के डिमेन्शियाचे रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि तिथलं संशोधन मात्र दहा टक्क्यांहून कमी, या दोन आकड्यांवरून त्याचं नाव पडलं. त्याच प्रवाहात गोव्यात डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी डिमेन्शियाचा माणूस आहे अशी ८१ कुटुंबं. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट. ४१ घरांना मदत लगेच, बाकीच्यांना नंतर. मदत करणारे ‘होम केअर अ‍ॅडव्हायझर’ डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, त्याच भागातली, थोडकं प्रशिक्षण घेतलेली माणसं, मागे देखरेखीला एक मानसोपचारतज्ज्ञ. सहा महिने, किमान पंधरवड्याला एक फेरी. करायचं काय? हा आजार आहे, हट्ट नव्हे किंवा भानामती नव्हे, हे समजावायचं. रात्री उठून भटकणं, संशय घेणं, कपडे काढून टाकणं हे कसं हाताळायचं ते दाखवायचं. डॉक्टरांकडे जायची वाट करून द्यायची, सरकारी पेन्शनचा अर्ज भरायला मदत करायची, तशाच दुसऱ्या घराशी ओळख करून द्यायची. आणि ऐकायचं.

परिणाम काय झाला, ते नीट वाचण्यासारखं आहे. करणाऱ्या माणसांचं मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारलं. रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. पण काळजीच्या ओझ्याचं जे मोजमाप आहे, स्टीव्हन झॅरिट यांची १९८० सालची प्रश्नावली, तिच्यात ठाम म्हणावा असा फरक पडला नाही. रुग्णाचं वागणंही फारसं बदललं नाही. अभ्यास चालू असतानाच अठरा वृद्ध वारले. म्हणजे आजार होता तिथेच होता, कामाचा ढीगही तेवढाच होता, आणि तरी करणारी बाई पहिल्यापेक्षा बरी होती. केस मॅनेजरच्या कामातून काय मिळू शकतं आणि काय नाही, याचा इतका प्रामाणिक हिशेब मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. नव्या कार्यकर्त्यांना पहिल्या वर्षात जे नैराश्य येतं ते यातूनच येतं, की मी जाऊनही आजी सुधारत नाहीत. आजी सुधारणार नाहीतच. तुम्ही आजींसाठी जात आहात, पण तुमच्या जाण्याचा पहिला फायदा आजींच्या सुनेला होणार आहे, आणि तिच्यामार्फत आजींना.

‘तिच्यामार्फत’ हा शब्द मी उगाच वापरला नाही. न्यूयॉर्कमध्ये मेरी मिटेलमन आणि सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या जोडीदाराचं करणाऱ्या ४०६ पती-पत्नींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्म्यांना समुपदेशन, घरातल्या इतरांना एकत्र बसवून बैठका, आणि लागेल तेव्हा फोन करायची मुभा. २००६ साली आकडे आले: ज्यांना ही मदत मिळाली त्यांनी जोडीदाराला नर्सिंग होममध्ये ठेवण्याची वेळ सुमारे दीड वर्ष, ५५७ दिवसांनी, पुढे गेली. रुग्णाला कुठलंही नवं औषध दिलेलं नव्हतं. उलट बाजूही आहे. १९९९ साली शुल्झ आणि बीच यांनी अमेरिकेतल्याच वृद्ध जोडप्यांचा चार वर्षांचा पाठपुरावा मांडला. जोडीदाराचं करताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका, करावं न लागणाऱ्यांपेक्षा, ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. आपल्याकडे आजोबा अंथरुणावर आठ वर्षं काढतात आणि आजी एका सकाळी अचानक जातात, तेव्हा लोक ‘पुण्यवान’ म्हणतात.

या पुस्तकाशी माझं एका ठिकाणी पटत नाही, ते इथेच नोंदवते. लेखकांनी कुटुंबाच्या बैठकीवर आख्खं प्रकरण लिहिलं आहे आणि ती डिस्चार्जच्या आधी, रुग्णालयात, डॉक्टरांच्या उपस्थितीत घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. सोय बघितली तर बरोबर. पण रुग्णालयातल्या खुर्चीत बसून सून कधीही ‘मला जमणार नाही’ म्हणणार नाही. डॉक्टर समोर, दीर समोर, आणि काचेपलीकडे सासरे. तिथे ती मान डोलावेल. बैठक घरी घ्या, डिस्चार्जनंतर आठवडाभराने, आणि बैठकीआधी सुनेशी एकटीशी बोला. भाजी निवडताना बोला, जिन्यात बोला. दिरांची बैठकीतली भाषणं नंतर ऐकायची आहेतच. परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर फोन वृद्धाच्या चेहऱ्यासमोर धरायच्या आधी एकदा औषधांच्या डब्यावर, संडासाच्या उंबऱ्यावर आणि कोपऱ्यात धुवायला पडलेल्या चादरींवर फिरवा. पैसे पाठवणाऱ्याला खर्च दिसतो, काम दिसत नाही. त्यात त्याचा दोष नसतोही.

पगारी माणूस ठेवला की प्रश्न मिटतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी ब्युरोवरचं प्रकरण वाचावं. ब्युरोतून येणाऱ्या मावशी किंवा मामा बारा तासांच्या पाळीने येतात, चोवीस तासांना राहणाऱ्या तर गाव सोडूनच आलेल्या असतात. त्यांना शिकवलेलं कुणी नसतं. बेडसोर म्हणजे काय हे त्या पहिल्या घरात शिकतात, म्हणजे पहिल्या रोग्याच्या पाठीवर. त्यांच्या पगारातून ब्युरोचं कमिशन जातं. त्यांना झोपायला जागा कुठे, जेवण घरातलं की वेगळं, सुट्टीच्या दिवशी कोण, यावरून जितकी घरं फिस्कटताना मी पाहिली तितकी औषधोपचारावरून पाहिली नाहीत. केस मॅनेजरने मावशींनाही कुटुंबात धरावं, हा लेखकांचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते? वृद्ध माणसाच्या समोर उभं राहून त्याच्याबद्दल तृतीयपुरुषी बोलण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की ‘आजोबा, तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न घरात विनोदासारखा पडतो. बोलता येत नसलं तरी कळत असतं. नळी नको, पुन्हा आयसीयू नको, मुलीकडे जायचंय, अशी मागणी हाताच्या खुणेने येते आणि करमणूक म्हणून सोडून दिली जाते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया बरीच सोपी केली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. हे इच्छापत्र माणूस शुद्धीत आणि बोलता असताना व्हायला हवं. त्याबद्दल बोलणं अभद्र मानतात म्हणून केस मॅनेजरही टाळतात. टाळू नये. ठरवणाऱ्यांमधली अर्धी भांडणं त्याने आधीच मिटतात.

२००७ सालच्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यावर पुस्तकात थोडकंच लिहिलंय, ते योग्यच. प्रांतांकडे अर्ज, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च, प्रसंगी बक्षीसपत्र रद्द: टाकून दिलेल्या वृद्धांना याचा आधार होतो. पण ज्या घरात करताहेत आणि थकताहेत, तिथे या कायद्याचं नाव काढणं म्हणजे दमलेल्या माणसावर केस टाकणं. तिथे १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आणि शेजारचं एखादं डे केअर जास्त कामाचं.

शेवटी, या पुस्तकात जे मला हवं होतं आणि मिळालं नाही, ते सांगते. रुग्ण गेला की आमच्या पद्धतीत केस बंद होते. रजिस्टरमध्ये तारीख आणि ‘मृत’ असा शेरा. त्यानंतर सुमारे महिन्याभराने त्या घरात एक फेरी व्हायला हवी, असं मी माझ्या खात्यात अनेकदा सुचवलं आणि दर वेळी विचारलं गेलं की ती कुठल्या शीर्षकाखाली दाखवायची, कारण रोगीच नाही. पण तेव्हाच करणाऱ्या बाईची कंबर धरलेली असते, सोडलेल्या नोकरीच्या जागी दुसरी मिळालेली नसते, रात्री दर दोन तासांनी तिला जाग येतच असते, आणि पुढच्या खोलीत घराच्या कागदांवरून बोलणी सुरू झालेली असतात, ज्यांत तिला पुन्हा बोलावलेलं नसतं. उरलेल्या एअर मॅट्रेसचं काय करायचं इथपासून तिच्या स्वतःच्या शुगरच्या तपासणीपर्यंत कितीतरी गोष्टी त्या एका फेरीत मार्गी लागू शकतात. यावर एक प्रकरण पुढच्या आवृत्तीत घाला, असं मी लेखकांना कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलंय की कल्पना चांगली आहे, पण पानं वाढली तर किंमत वाढेल, आणि हे पुस्तक कंत्राटी पगारावर काम करणाऱ्यांना परवडायला हवं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. ते प्रकरण मीच लिहून देते, वेगळी पुस्तिका काढा, असं म्हटलंय.